ओळख पटवायला कोणीतरी लागते

मी सात वर्षांची असताना आई-वडील एकापाठोपाठ गेले आणि मावशीने मला वाढवले. मावशीच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, आईचा एक फोटो असे. दुपारी मावशी झोपली की तो काढून मी आरशासमोर उभी राहत असे आणि आधी फोटोतले नाक, मग आरशातले नाक, असे आळीपाळीने पाहत बसे. एकदा मावशीने पकडले. ती रागावली नाही. फोटो माझ्या हातातून घेऊन तिने तो माझ्या गालाजवळ धरला, आरशात नीट निरखले आणि म्हणाली, "नाक तुझ्या बापाचं आहे गं. हनुवटी मात्र ताईची." त्यानंतर मी तो फोटो चोरून काढल्याचे मला आठवत नाही.

हा प्रसंग पुन्हा वर आला तो काही वर्षांपूर्वी, रोमुआल्द वाश्किनेल या पोलिश कॅथलिक धर्मगुरूची हकीकत वाचताना. लहानपणी तोही आरशासमोर उभा राहून आपला चेहरा आई-वडिलांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहत असे. फरक इतकाच, की त्याचे आई-वडील त्याच घरात होते, त्याच्यावर जीव टाकत होते, आणि तरीही आरशातला चेहरा दोघांपैकी कोणाशीच जुळत नव्हता. तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेल्या ज्यू मुलांच्या आठवणी आणि मुलाखती मी मिळतील तशा वाचत आले आहे. माझे पोरकेपण त्यांच्या पंगतीला बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. माझ्या आई-वडिलांची कोणी हत्या केली नव्हती, माझे नाव कोणी बदलले नव्हते, आणि माझ्या हनुवटीचा निवाडा करायला मावशी होती. पण या वाचनात मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते ती नेमकी या मावशीपाशी.

मराठीत 'ओळख' हा एकच शब्द आपण दोन कामांना लावतो. मी कोण, ही माझी ओळख. आणि तुमची-माझी गाठ पडली, तीही ओळखच. ओळख होते, निघते, देता येते, विसरता येते, आणि 'पटते'. पटते म्हटले की समोर दुसरा माणूस आलाच. 'स्वतःचा शोध' हे शब्द हल्ली फार सढळपणे वापरले जातात, आणि ते ऐकले की कोणीतरी एकटाच दूर जाऊन आत डोकावत बसला आहे, असे चित्र माझ्यापुढे उभे राहते. या मुलांचा शोध त्या जातीचा नव्हता. त्यांना हवा होता साक्षीदार. 'तू अमक्याचा मुलगा, तुमचे घर तमक्या गल्लीत होते', एवढेच सांगू शकणारा. नाझी राजवटीने ज्या सुमारे ६० लाख ज्यूंना मारले, त्यांत अंदाजे १५ लाख मुले होती. जी मुले वाचली, त्यांच्यापैकी पुष्कळांचे केवळ आई-वडीलच नव्हे, तर आजी, काका, शेजारी, वर्गमित्र, वाणी, प्रार्थनास्थळातले म्हातारे, म्हणजे ज्यांनी ज्यांनी त्यांना ओळखले असते ते सगळेच नाहीसे झाले होते. साधारण अनाथ मुलाच्या मागे गाव तरी असते. इथे गावच उरले नव्हते.

रोमुआल्दचा जन्म १९४३ साली स्तारे श्विएन्चानी येथील घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, झाला. युद्धापूर्वी पोलंडमध्ये असलेले आणि आज लिथुआनियात असलेले हे गाव तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. त्याच्या आईने हे तान्हे मूल एमिलिया वाश्किनेल या कॅथलिक बाईकडे देऊ केले. एमिलिया कचरली, आणि त्यात नवल नव्हते, कारण ज्यूंना आसरा देणाऱ्याचा जीव घेतला जात होता. तेव्हा त्या आईने जे सांगितले ते एमिलियाने पुढची पस्तीस वर्षे मनात ठेवले. त्याचा आशय असा: तुम्ही श्रद्धाळू ख्रिस्ती आहात आणि तुमचा येशू ज्यूच होता, त्या ज्यूच्या नावाने हे ज्यू बाळ वाचवा, मोठे होऊन ते धर्मगुरू होईल. या बोलण्याचा शेवट अनेकांना भविष्यवाणीसारखा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. हातात देण्यासारखे काहीही न उरलेली एक बाई समोरच्या बाईला काय दिले तर ती मूल घेईल याचा हिशेब करते आहे, आणि मुलाचे सगळे पुढचे आयुष्यच तिला देऊ करते आहे, असे मला त्यात दिसते.

युद्धानंतर एमिलिया आणि तिचा नवरा प्योत्र मुलाला घेऊन पोलंडमधल्या पासवेंक या गावी राहू लागले. मूल पाचेक वर्षांचे असताना रस्त्यात दोन दारुड्यांनी त्याला 'ज्यू, ज्यूचे पोरके पोर' अशा अर्थाचे काहीतरी म्हणून हिणवले. त्याने घरी येऊन विचारले, पण उत्तर मिळाले नाही. मिळाली ती फक्त घरातली अस्वस्थता. मुलांना अशा वेळी शब्दांपेक्षा चेहरे जास्त कळतात, हे मी खात्रीने सांगू शकते. सतराव्या वर्षी त्याने धर्मगुरू होण्याचा निर्णय घेतला तेव्हा वडिलांनी विरोध केला आणि त्यानंतर थोड्याच काळात ते वारले. १९६६ साली त्याला दीक्षा मिळाली. पुढे तो लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागला. आईजवळ तो ज्यूंचा विषय मुद्दाम काढी, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले की 'का रडतेस' म्हणून विचारी. माझी माया तुला कमी पडते का, असा तिचा उलट प्रश्न असे. त्या प्रश्नाला कोणता मुलगा काय उत्तर देणार?

१९७८ साली, तो ३५ वर्षांचा असताना, तिने अखेर सांगितले: तुझे आई-वडील ज्यू होते, त्यांचे तुझ्यावर प्रेम होते, त्यांना मारले गेले. बारा वर्षे वेदीवर मिस्सा अर्पण करणारा हा माणूस एका संध्याकाळी ज्यू झाला, असे लिहायचा मोह होतो. पण तसे काही झाले नाही. त्याला कळले ते फक्त तो कोण नाही एवढेच. आडनाव नव्हते. हातात तीनच गोष्टी होत्या: गाव, वडील शिंपी होते ही माहिती, आणि थोरल्या भावाचे सॅम्युएल हे नाव. या तीन धाग्यांवर त्याने आणखी चौदा वर्षे काढली.

याच्या अगदी उलट टोकाला एक दुसरे मूल आहे. पोलंडमधल्या प्योत्र्कुफ या शहराच्या रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, मुलगा, इस्राएल मेयर लाउ, घरच्यांचा लुलेक. वडील त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणी मुक्त झाली तेव्हा लुलेक आठ वर्षांचाही नव्हता. पण त्याच्याबरोबर नफ्ताली हा अकरा वर्षांनी मोठा भाऊ होता. घराण्यातली रब्बींची परंपरा या धाकट्याच्या रूपाने पुढे चालली पाहिजे, असे वडिलांनी नफ्तालीला बजावले होते, आणि त्याने भावाला पोत्यात लपवून छावणीत नेण्यापासून सगळे केले. लुलेकला आई-वडिलांची जी आठवण होती ती तुटपुंजी होती. बाकीचे सगळे नफ्तालीने भरले. १९९३ साली लुलेक इस्राएलचा प्रमुख रब्बी झाला. त्याच्या बुद्धीचे आणि जिद्दीचे श्रेय मला हिरावून घ्यायचे नाही, पण दोघांच्या आयुष्यांतला फरक मला एका शब्दात दिसतो, आणि तो शब्द 'भाऊ' हा आहे.

युद्धानंतरच्या काळाची एक गोष्ट फार सांगितली जाते. कॉन्व्हेंटमध्ये लपवलेली ज्यू मुले शोधत एक रब्बी येतात; इथे ज्यू मुले नाहीत, असे त्यांना सांगण्यात येते; मग संध्याकाळी मुले झोपायच्या वेळी ते मोठ्याने 'शेमा यिस्राएल' ही प्रार्थना म्हणू लागतात, आणि काही मुले डोळ्यांवर हात धरून आईला हाका मारू लागतात. वेगवेगळ्या रब्बींच्या नावावर ती खपते, आणि तिच्या खरेपणाची चौकशी करायला मी बसलेली नाही. मला तिच्यात एकच अडचण वाटते. या गोष्टीतली मुले आईजवळ निदान काही वर्षे झोपलेली आहेत. रोमुआल्दसारख्या तान्ह्या मुलाच्या कानात कोणती प्रार्थना उरणार? आत दडलेले काहीतरी एक दिवस आपोआप जागे होते, या कल्पनेवर आपले फार प्रेम असते. मी जितके वाचले त्यावरून मला ती खोटी वाटते, निदान लहानग्यांच्या बाबतीत तरी. त्यांच्या आत काही दडलेले नव्हते. जे होते ते दुसऱ्या कोणाच्या तरी स्मरणात होते, आणि तो माणूस सापडला तर सापडला.

वॉर्सामध्ये समाजसेविका इरेना सेंडलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी घेट्टोतून बाहेर काढलेल्या मुलांची खरी आणि बदललेली नावे पातळ कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून काचेच्या बरण्यांत घालून जमिनीत पुरली होती, ती एवढ्यासाठीच. आपण पकडले गेलो तर मुलांचा जीव कदाचित वाचेल, पण त्यांचे नाव सांगणारे कोणी राहणार नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

नावांचा विषय निघालाच आहे तर इतिहासकार साउल फ्रिडलेंडर यांच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३२ साली प्रागमध्ये जन्मले तेव्हा ते पावेल होते. १९३९ मध्ये कुटुंब फ्रान्सला पळाले आणि पावेलचा पॉल झाला. १९४२ मध्ये आई-वडिलांनी त्यांना मोंल्युसों येथील कॅथलिक निवासी शाळेत ठेवले, तिथे बाप्तिस्मा होऊन ते पॉल-आंरी फेर्लां झाले. इस्राएलला गेल्यावर शाऊल, आणि नंतर साउल. आई-वडील स्वतः स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत पोहोचले होते, पण तेथून परत पाठवले गेले आणि आउशवित्झच्या मृत्युछावणीत मारले गेले. त्या दिवसांत लहान मूल बरोबर असलेल्या कुटुंबांना सीमेवर आत घेतले जात होते. मूल सुरक्षित राहावे म्हणून त्यांनी ते मागे ठेवले होते. हे वाक्य लिहून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

पॉल-आंरी मनापासून कॅथलिक झाला होता. जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातला धर्मगुरू, होण्याची त्याची तयारी चालली होती. १९४६ साली एका जेझुइट धर्मगुरूने त्याला समोर बसवून आउशवित्झमध्ये काय घडले ते सांगितले, ज्यूद्वेष म्हणजे काय ते सांगितले. त्याने स्वतःचे आडनाव परत घेतले आणि १९४८ साली तो इस्राएलला निघून गेला. मला त्या धर्मगुरूचे फार कौतुक वाटते. तो गप्प राहिला असता तर त्याच्या संघाला एक हुशार माणूस मिळाला असता आणि कोणाला काही कळलेही नसते.

गप्प न राहण्याचे हे सौजन्य सगळ्यांनी दाखवले नाही. ग्रेनोबलजवळ राहणाऱ्या डॉक्टर फिनाली यांनी, ऑस्ट्रियातून पळून आलेले असूनही आणि धोका पूर्ण माहीत असूनही, १९४१ आणि १९४२ साली जन्मलेल्या दोन्ही मुलांची, रोबेर आणि जेराल यांची, सुंता करवून घेतली होती. मुले कोणाची, हे आई-वडिलांनी त्यांच्या शरीरावरच लिहून ठेवले होते म्हणा ना. फेब्रुवारी १९४४ मध्ये नवरा-बायको पकडले गेले आणि परतले नाहीत. मुले शहरातल्या पाळणाघराच्या प्रमुख आंत्वानेत ब्रुन यांच्याकडे आली. त्यांनी मुलांचा जीव वाचवला हे निर्विवाद आहे. पण १९४५ पासून न्यूझीलंडमधली आत्या मुले मागत असताना त्यांनी ती दिली नाहीत, आणि १९४८ साली त्यांचा बाप्तिस्मा करवून घेतला. बाप्तिस्मा झालेली मुले ख्रिस्ती संगोपनाची हमी न देणाऱ्यांच्या हवाली करू नयेत, अशा सूचना व्हॅटिकनकडून १९४६ मध्येच फ्रान्समध्ये पोहोचल्या होत्या. न्यायालयाने मुले नातेवाइकांना द्यावीत असा निकाल दिल्यावर १९५३ मध्ये काही धर्मगुरू आणि नन यांनी त्यांना डोंगर ओलांडून स्पेनमध्ये पळवले. फ्रान्समध्ये गदारोळ उठला. जूनमध्ये मुले परत आली आणि जुलैमध्ये इस्राएलमधल्या दुसऱ्या आत्याकडे गेली. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण चर्च आणि राज्य यांच्या झगड्यावर लिहितात. माझे लक्ष मात्र अकरा-बारा वर्षांच्या त्या दोन मुलांवरच राहते. आत्यांकडे त्यांची ओळख होती, पण आत्यांशी त्यांची ओळख नव्हती. परत जाणे हे त्यांच्यासाठी परत जाणे नव्हतेच. ज्या घराची आठवणही नाही तिथे कोणी परत कसे जाईल? पुढे दोघेही इस्राएलमध्ये रुजले, पण रुजायला त्यांना नवी भाषा आणि नवे नातलग शून्यापासून शिकावे लागले.

पुष्कळांच्या वाट्याला अशी आत्याही आली नाही. त्यांनी मोठेपणी जर्मनीतल्या बाड आरोल्सेन येथील अभिलेखागाराकडे पत्रे पाठवली. तिथे सुमारे पावणेदोन कोटी माणसांची नावे नोंदलेली आहेत आणि कार्डांची मांडणी नुसत्या अक्षरांनुसार नसून उच्चारांनुसारही आहे, कारण पोलिश कारकून, जर्मन कारकून आणि फ्रेंच कारकून यांनी एकच आडनाव आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेले आहे. आता हे कागद इंटरनेटवर पाहता येतात. मी एका रात्री एक आडनाव शोधत बसले होते आणि पडद्यावर त्याची इतकी रूपे आली, की आपण एका माणसाला शोधतो आहोत की अनेकांना, हेच कळेना. ज्याला स्वतःचे आडनाव शोधायचे आहे त्याचे अशा वेळी काय होत असेल, याचा विचार करत मी संगणक बंद केला.

रोमुआल्दला जे सापडले ते कागदात नव्हे, माणसांत सापडले. १९९२ साली त्याच्या ओळखीची एक नन इस्राएलला गेली आणि तिथे त्याच्या गावातून वाचलेल्या लोकांना भेटली. तिने ते तीन धागे त्यांच्यापुढे ठेवले: आपल्या गावचा शिंपी, मोठ्या मुलाचे नाव सॅम्युएल. त्यांनी ओळखले. याकुब वेक्सलर. बायकोचे नाव बात्या. याकुबचा भाऊ नेतान्या शहरात जिवंत होता. ४९ व्या वर्षी या माणसाला आडनाव मिळाले, आणि मग आईचा फोटोही पाहायला मिळाला. आरशाशी चाललेला तो जुना वाद तिथे मिटला.

दुसरा वाद मात्र तिथेच सुरू झाला. त्याने धर्मगुरूचे व्रत सोडले नाही, आणि ज्यू असणेही सोडणार नाही म्हणाला. २००९ साली तो इस्राएलला राहायला गेला. १९५० च्या परतीच्या कायद्यानुसार कोणत्याही ज्यूला तिथे येण्याचा हक्क आहे. पण १९६२ साली ब्रदर डॅनियल, म्हणजे ऑस्वाल्ड रुफायझेन, या ज्यू कुळातल्या कॅथलिक संन्याशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतर केलेल्याला तो हक्क नाकारला, आणि १९७० च्या दुरुस्तीने ज्यू आईच्या पोटी जन्मलेला 'आणि अन्य धर्माचा नसलेला' अशी व्याख्या कायद्यातच घातली. रुफायझेनने प्रौढपणी, समजून-उमजून धर्म बदलला होता. रोमुआल्दने काय बदलले होते? त्याचा धर्म त्याच्या आईनेच एमिलियाच्या दारात देऊ केला होता. कायद्याला एवढे बारीक पाहता येत नाही, हे मला कळते. सगळ्यांना सारखा लागू व्हायचा तर त्याने बारीक पाहूही नये. तरीही ज्याच्या आई-वडिलांना ज्यू म्हणून मारले, ज्याला रस्त्यात ज्यू म्हणून हिणवले, त्याला तू ज्यू म्हणून इथे येऊ शकत नाहीस असे सांगितले जाते, तेव्हा कायदा बरोबर आहे एवढे म्हणून मला पुढे जाता येत नाही. त्याला राहण्याचा परवाना मिळाला. तो स्दे एलियाहू या धार्मिक किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, राहून हिब्रू शिकला.

त्याने आपले नाव आता रोमुआल्द याकुब वेक्सलर-वाश्किनेल असे लिहायला सुरुवात केली होती. मधले नाव जन्मदात्या वडिलांचे, आडनावात आधी शिंप्याचे घराणे, मग एक आडवी रेघ, आणि मग ज्यांनी वाढवले त्यांचे घराणे.

पुढे जेरुसलेममधल्या याद वाशेम या संस्थेच्या अभिलेखागारात तो काम करू लागला. मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे एकेक करून गोळा करण्याचे काम ही संस्था करते, आणि त्यासाठी तिथे एक वेगळे दालन आहे. त्याच आवारातल्या बागेत भिंती आहेत, त्यांवर ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंची नावे देशवार कोरलेली आहेत. प्योत्र आणि एमिलिया वाश्किनेल यांचा या वाचवणाऱ्यांमध्ये समावेश झाला, तो त्यांच्या मुलाने दिलेल्या साक्षीवरून.